सभागृहात न घेतलेले नाव

त्या रविवारी मी बापूसाहेबांना थांबवून घेतले नसते, तर सोमवारी सकाळी अकरा वाजता ते लोकसभेत आपल्या जागेवर बसलेले असते. एवढे एक वाक्य लिहायला मला कितीतरी हिवाळे लागले. ते लिहिले की बाकीचे हलके होईल अशी माझी समजूत होती. तसे काही झालेले नाही.

डिसेंबर आला की नागपुरात मांडवांच्या बल्ल्या ठोकण्याचे आवाज सुरू होतात. विधानसभेचे हिवाळी अधिवेशन भरते. सिव्हिल लाइन्समधल्या बंगल्यांना चुना लागतो, झाडांखाली पोलिसांचे तंबू पडतात, आणि मुंबईकडची माणसे सीताबर्डीच्या फुटपाथवर ऊन खात संत्री सोलत उभी राहतात. गारठलेल्या हवेत सालीचा तो झोंबणारा वास पसरतो. शहराला हे दिवस जत्रेसारखे वाटतात. माझ्या डोक्यात मात्र तेव्हा दुसरेच सभागृह भरते, दिल्लीचे. त्यात नावे पुकारली जातात. एका नावाला कोणी उठत नाही.

बापूसाहेब आमच्या भागाचे खासदार होते. एकाच मुदतीचे, तीही पुरी झाली नाही. काटोलच्या पलीकडे त्यांची संत्र्याची बाग होती आणि वकिलीची सनद असूनही काळा कोट त्यांनी फारसा घातला नव्हता. मी तेव्हा पंचविशीतला, बी.ए. झालेला, इंग्रजी बऱ्यापैकी लिहिणारा. त्यांनी मला मदतनीस म्हणून ठेवून घेतले. नागपूरच्या इतवारीत भांड्यांच्या दुकानावरच्या खोलीत आमचे कार्यालय होते. खाली दिवसभर पितळेवर हातोडे पडत, आणि आलेला माणूस आपले गाऱ्हाणे ओरडूनच सांगे. अधिवेशनाच्या दिवसांत मी त्यांच्यासोबत दिल्लीला जायचो. खासदारांच्या निवासात आमच्या वाट्याला दोन खोल्या आल्या होत्या. एका खोलीत ते झोपत आणि दुसरीत सरकारी कागदांचे गठ्ठे आणि मी.

संसदेचे काम म्हणजे भाषणे, असे मला जाण्यापूर्वी वाटे. प्रेक्षकांच्या सज्जात बसून मी पाहिले ते वेगळेच होते. शुक्रवारी दुपारी खासगी विधेयकांच्या वेळी ओळीच्या ओळी रिकाम्या असत. गणपूर्तीची घंटा घणघणत राही आणि मग चार-दोन सदस्य चहा अर्धा टाकून धावत आत येत. अंदाजपत्रकाच्या शेवटच्या दिवशी ठरलेली वेळ झाली की खात्यांच्या उरलेल्या मागण्या चर्चेशिवाय एका दमात मंजूर होत. बापूसाहेबांना बोलायला मिळे ते इतके थोडे, की पाण्याचा घोट घेईपर्यंत अध्यक्षांची घंटा वाजायची. त्यांना त्याचे वाईट वाटत नसे.

"वसंता," ते मला म्हणत, "तिथं बोलणारे येगळे अन् इचारणारे येगळे. आपन इचारणारे. एक प्रश्न नीट इचारला का खात्यातले धा लोक त्या दिवशी वेळेवर हापिसात येतेत."

दिल्लीच्या थंडीत मफलर गुंडाळून ते पहाटेच उठत. स्टोव्हवर चहा ठेवून अहवाल वाचत बसत. नागपूरहून नेलेल्या पेटीतली संत्री सभागृहाच्या दारावरच्या शिपायांना वाटत आणि "आंबट निंगालं तं माझं नाव सांगू नोका" म्हणून हसत. त्यांचे दिल्लीतले दिवस आठवले की मला आधी त्या चहाची वाफ दिसते. मग उरलेले सगळे दिसू लागते.

कौसाबाई पहिल्यांदा आमच्या कार्यालयात आली ती सासऱ्यासोबत, एस.टी.तून उतरून सरळ. नरखेडकडच्या एका खेड्यातली. वय वीस-बावीस असेल. तिचा नवरा तोफखान्यात होता. पासष्टच्या लढाईनंतर तो बेपत्ता आहे एवढेच घरी कळले होते. मेला म्हणून नाही, कैदेत आहे म्हणून नाही. चार वर्षे होऊन गेली होती. कपाळाचे कुंकू तिने ठेवले होते, पण ते बोट टेकवल्याएवढेच असे. लावावे की लावू नये, हे ठरत नसल्यासारखे.

बापूसाहेबांनी विचारले, "नाव काय त्याचं?"

ती खाली पाहू लागली. सासरा म्हणाला, "दौलत. दौलत सीताराम. थे नाही घेनार जी नाव."

"काहून वं बाई? नाव घेतलं तं नवरा रागावते काय?"

"लग्नात घेतलं व्हतं, उखाण्यात," ती पदरात बोलली. "तवापासून नाही."

"मंग मी घेतो. दिल्लीच्या सभेत घेतो, मंत्र्यापुढं. चालन?"

तेव्हा तिने वर पाहिले. "घ्या. मोठ्यानं घ्या पन. तोफेपाशी राहूराहू त्याले कमी आयकू येते."

सासरा हसला, बापूसाहेब हसले, मीही हसलो. खाली पितळेवर हातोडे पडतच होते. बेपत्ता माणसाबद्दल ती 'ऐकू येते' असे वर्तमानकाळात बोलली, हे माझ्या फार नंतर ध्यानात आले.

लोकसभेत प्रश्न विचारायची एक रीत आहे. एकट्या माणसाचे गाऱ्हाणे प्रश्नात चालत नाही. म्हणून आम्ही सर्वसाधारण प्रश्न तयार केला: लढाईनंतर बेपत्ता असलेल्या जवानांच्या घरच्यांना खात्याकडून काय कळवले जाते? तोंडी उत्तराचा प्रश्न असला की मंत्री उभे राहून उत्तर देतात, आणि मग प्रश्नकर्त्याला पुरवणी प्रश्न विचारता येतो. दौलतचे नाव त्या पुरवणी प्रश्नात यायचे होते. म्हणजे बापूसाहेब स्वतः जागेवर हवेत. सदस्य हजर नसला तर पुकारा पुढे सरकतो आणि उत्तर नुसते छापून येते. चिठ्ठ्या टाकून प्रश्नांचा क्रम लागतो. दोन अधिवेशने आमचा प्रश्न खालीच राहिला. तिसऱ्या खेपेला, त्या हिवाळ्यात, तो यादीत अगदी वर आला. सोमवारचा दिवस. मी यादी हातात घेतली तेव्हा तिची शाई अजून बोटाला लागत होती. बापूसाहेबांनी कौसाबाईला निरोप पाठवला.

त्याच सोमवारच्या आदल्या दिवशी नागपुरात माझे साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरले होते.

मुलगी, सुमन, जुन्या महाल भागातली. तिचे घराणे भोसल्यांच्या काळापासून शहरात राहिलेले, वडील कचेरीत मोठ्या हुद्द्यावर. माझे वडील साधे कारकून. बैठकीत माझ्या तोंडून निघून गेले होते की साक्षगंधाला खासदार येतील. सासरेबुवांनी ते गल्लीभर सांगितले. शनिवार-रविवारी मतदारसंघात येऊन जायची बापूसाहेबांना सवय होती, पण सोमवारी प्रश्न असला की शनिवारी निघायचेच हा त्यांचा नियम. तो कधी मोडला नव्हता.

"रविवारी दुपारची गाडी आहे," मी म्हणालो. "सकाळी दिल्लीत. अकराला तुम्ही आरामात जागेवर."

"अन् उशीर झाला तं?"

"रोज वेळेवर जाते ती. तुम्ही नसलात तर त्या लोकांपुढं माझं नाक कापलं जाईल, बापूसाहेब."

"तुयं नाक लय मोठं हाय रे वसंता," ते म्हणाले, आणि रविवारसाठी थांबले.

ते साक्षगंध अजूनही गल्लीत लोकांच्या लक्षात आहे. मांडवात बापूसाहेब शिरले तेव्हा खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. सासरेबुवा त्यांना हाताला धरून घरभर फिरवत होते. सुमनला कुंकू लावले, साडी दिली, पानसुपारी झाली. बापूसाहेबांनी मोजकेच चार घास खाल्ले. त्यांची नजर सारखी घड्याळाकडे. मी त्यांना स्टेशनवर पोचवून परत आलो तेव्हा बुंदी संपत आली होती आणि माझे मित्र मला "काय खासदार" म्हणून चिडवत होते. मला ते आवडत होते.

ग्वाल्हेर सोडल्यावर धुके लागले. गाडी रानात उभी राहिली ती उभीच. बापूसाहेब दिल्लीला उतरले तेव्हा प्रश्नोत्तराचा तास केव्हाच संपला होता.

पुढच्या आठवड्यात ते परत आले आणि कार्यालयातल्या खुर्चीवर मफलर न सोडताच बसले. मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

"नाव पुकारलं, जागा रिकामी," ते म्हणाले. "छापील उत्तर आलं हाय. 'माहिती गोळा करण्यात येत असून ती सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल.' हे काही उत्तर नाही. पुढच्या अधिवेशनात पुन्हा टाकू. तू त्या बाईले जाऊन खरं सांग, का मी नव्हतो. माझं नाव सांग. तुयं नको सांगू."

मला जावे लागलेच नाही. दुसऱ्याच दिवशी ती सासऱ्यासोबत आली. बापूसाहेब बाहेर गेले होते. जिन्यावरून चढतानाच तिने विचारले, "घेतलं काय भाऊ नाव?"

मी हो म्हणालो.

असे का म्हणालो, हे मी स्वतःला असंख्य वेळा विचारले आहे. तिच्या तोंडावरचा तो भाव मोडवेना, हे एक. दोन महिन्यांत पुढचे अधिवेशन येणार, तेव्हा नाव खरोखरच घेतले जाईल, मग आजचे खोटे तेव्हा खरे होऊन जाईल, हे दुसरे. संसदेत वावरून मला तशी सवय लागली होती. तिथे काहीही संपत नाही, पुढच्या बैठकीवर जाते. माणसांचेही तसेच असते असे मी धरून चाललो. आणि खरे बोलायला लागलो असतो तर साक्षगंध मध्ये आले असते.

"मोठ्यानं घेतलं?"

"मोठ्यानं घेतलं. मंत्री म्हणाले, माहिती गोळा करतो. पटलावर ठेवतो."

"पटल म्हंजे?"

"टेबल. सभेचं."

तिने सासऱ्याकडे पाहिले. म्हाताऱ्याने डोळे पुसले. जाताना तिने पिशवीतली सगळी संत्री माझ्या टेबलावर ओतली. ती घरंगळत कागदांवर गेली. मी बापूसाहेबांना सांगितले, बाई येऊन गेली, सांगितले तिला. ते म्हणाले, "बरं केलं."

वर्षाच्या अगदी शेवटच्या दिवसांत रेडिओवर बातमी आली की लोकसभा विसर्जित झाली. मुदतीला अजून बरेच महिने होते. पुढचे अधिवेशन आता नव्हते. सभागृह असे मध्येच गेले की त्याच्यापुढे पडून असलेली विधेयके आणि सूचना सगळी तिथेच मरतात. दिल्लीच्या खोलीतले गठ्ठे आम्ही रद्दीवाल्याला दिले. बापूसाहेबांनी स्टोव्ह तेवढा परत आणला. पुढच्या निवडणुकीत ते पडले. बागेत राहायला गेले आणि काही वर्षांनी तिथेच वारले. कौसाबाईला खरे माहीत आहे, या समजुतीतच ते गेले.

निवडणुकीच्या धामधुमीनंतर, कार्यालय आवरत असताना, कौसाबाईचे सासरे सीतारामबुवा एकटेच आले. उन्हाने काळवंडलेले, दम लागलेला. बसले, पाणी प्याले.

"सभा विसर्जन झाली म्हन्ते साहेब. गनपतीसारखी. मंग आपला जवाब?"

"कागद फिरत असतील," मी म्हणालो.

"पाहा साहेब. थो दौलत माझा पोरगा. माझं मन मले सांगते, थो नाही आता. पन हे पोरगी आयकत नाही. सेजारच्या गावात पंपाचा मिस्त्री हाय, फटफटीवर येते बागेत मोटारी दुरुस्त कराले. पहिली बायको बाळंतपणात गेली त्याची. सरळ मानूस. कौसाले पाटाची मागणी घातली त्यानं, मले इचारूनच. मी म्हणतो, कर वं माय, तुये दिवस हायेत. थे म्हन्ते, दिल्लीले पुकारा झाला हाय, जवाब येऊ द्या. म्हणून आलो. तुमी एक डाव सांगून टाका, का जवाब येत नाही म्हणून. तुमच्या तोंडून आयकलं तं पोर मोकळी होईन."

खाली त्या वेळी हातोडे थांबले होते. दुपारची सुट्टी असावी.

जवाब येणार नाही, एवढे तीन शब्द. पण 'का येणार नाही' हे ते विचारतील. मग सोमवार येईल, मग रविवार येईल. उन्हाळ्यात माझे लग्न होते.

"सरकारी काम आहे, बुवा," मी म्हणालो. "सांगता येत नाही. येईलही."

ते उठले. "येईलही," असे माझेच शब्द पुटपुटत जिना उतरले. भिंतीला हात लावत एकेक पायरी उतरणारी ती पाठ मला आजही दिसते. हाक मारून थांबवायला पुष्कळ वेळ होता.

मिस्त्रीने आणखी काही वर्षे वाट पाहिली आणि मग दुसरीकडे लग्न केले, हे मला त्या भागातल्या एका विद्यार्थ्याकडून कळले. मी तोवर एका कॉलेजच्या कार्यालयात नोकरीला लागलो होतो. फौजेकडून मृत्यू गृहीत धरायचे कागद आले होते आणि बाईने त्यावर अंगठा दिला नाही, हेही त्याने सांगितले. तो हसत सांगत होता. त्यांच्या गावात एखादी गोष्ट फारच लांबली की लोक म्हणतात, 'कौसाच्या जवाबावानी'.

मीही हसलो त्याच्यासोबत. ते हसू तोंडावर कसे आले, कोण जाणे.

यंदा माझ्या पुतणीचे साक्षगंध ठरले. तारीख अधिवेशनातच आली. घरात सगळे बसले होते. मोठा भाऊ म्हणाला, "वसंता, तुझ्या जुन्या ओळखी आहेत. गावात मंत्र्यांची रांग लागलीय. एखाद्याला घेऊन ये, अर्ध्या तासासाठी. व्याह्यांवर छाप पडेल."

मी ओरडलो. काय ओरडलो आठवत नाही. पुतणी रडायला लागली, भाऊ थक्क होऊन पाहत राहिला. सुमन मला गच्चीवर घेऊन गेली. तिथे ऊन होते, वाळत घातलेल्या मुगाच्या वड्या होत्या. तिला मी सगळे सांगितले. आमच्या लग्नाला इतकी वर्षे झाली आणि तिला यातले काहीही माहीत नव्हते. आपले साक्षगंध कोणाच्या जिवावर झाले ते ती ऐकत होती. ऐकताना वड्यांवरची माशी पदराने हाकलत होती. मग ती थांबली.

"मला सांगून काय उपयोग?" ती म्हणाली. "जिला सांगायचं तिच्याकडं जा. आजच जा."

त्या दिवशी धैर्य झाले नाही. दोन दिवसांनी गेलो. एस.टी. नरखेडच्या रस्त्याला लागली तशी दोन्ही बाजूंना बागा सुरू झाल्या. संत्र्याच्या आंबिया बहाराची तोडणी चालली होती. पिवळ्याधमक फळांचे ढीग झाडांखाली आणि बायका ती निवडत बसलेल्या. कापसाच्या गाड्या आडव्या येत होत्या. इतके चांगले ऊन पडले होते, की अशा दिवशी असले काही सांगायला जाणे चुकीचे वाटत होते. परत फिरायला कारण हवे असले की माणसाला ऊनही पुरते.

कौसाबाई कोणाच्या तरी बागेत मजुरीने निवडणीला होती. केस पांढरे व्हायला लागलेले. कपाळावर अजून ते बोट टेकवल्याएवढे कुंकू. तिने मला लगेच ओळखले.

"इतवारीचे भाऊ ना तुमी? बाप्पा! बुढे झाले." आणि बाजूच्या बायकांना म्हणाली, "दिल्लीचा मानूस आला वं."

"जवाब घेऊन आला काय गा?" एक बाई म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. कौसाबाईही हसली. मग माझ्याकडे पाहून तिचे हसू गेले. हातातले संत्रे ठेवून ती उठली आणि आम्ही विहिरीकडे आलो.

मी सांगितले. साक्षगंध, गाडी, धुके, रिकामी जागा.

"म्हंजे नाव घेतलंच नाही?"

"नाही."

"कोनीच?"

"कोणीच नाही."

पंप चालू होता. पाण्याची धार हौदात पडत होती. ती त्या धारेकडे पाहत राहिली.

"मंग मी कोन्या जवाबाची वाट पायली गा भाऊ?"

ती माझ्याकडे वळली.

"मामंजी आले व्हते तुमच्याकडं. मिस्त्रीसाठी. परत येऊन म्हणाले, साहेब म्हन्ते येईलही. म्हणून मी नाही म्हनून सांगतलं त्याले. थो फटफटी ढकलत गेला तिथवर, चालू नाही केली." तिने लांब बांधाकडे हात केला आणि तो तसाच हवेत राहिला. "तवा सांगतलं असतं तं."

तिने हात खाली घेतला. मग म्हणाली, "बायको बरी हाय ना तुमची?"

"बरी आहे."

"लेकरं?"

"दोन आहेत."

तिने मान हलवली. त्या प्रश्नांत टोमणा नव्हता, खरीच चौकशी होती. मी विहिरीच्या काठावर बसलो. गाडीत जुळवून ठेवलेले सगळे शब्द गेले होते. जे राहिले होते तेवढेच बोललो.

"कौसाबाई, साहेब थांबले ते माझ्यामुळं. नाव घेतलं म्हणालो ते खोटं होतं. तुमचे सासरे आले तेव्हा खरं सांगायला हवं होतं, तेव्हाही नाही सांगितलं. तुमची इतकी वर्षं माझ्यामुळं गेली. माझं चुकलं. मला माफ करा."